वाळवंटातले ऊन आणि आपल्याकडचे ऊन

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले आहे. भाषणाला म्हणून मी आजवर कधी उभी राहिलेली नाही. हळदीकुंकवात उखाणा घ्यायचा म्हटला तरी माझ्या पोटात गोळा येतो. पण चिटणीसबाई काही ऐकेनात. "तुम्ही नऊ वर्षे जैसलमेरला काढलीत, तिकडच्या हवेविषयी चार शब्द सांगा, आणि सांगितलेत की लिहूनही द्या, स्मरणिकेत घालू," असे त्यांनी म्हटले आणि 'वाळवंटातील जीवन' असा भारदस्त विषय वहीत मांडूनही टाकला. वाळवंटातले सगळे जीवन मला कुठले माहीत असणार? तिथल्या उन्हात घर कसे चालवतात तेवढे मला ठाऊक आहे, तेवढेच मी सांगणार आहे. आणि शेवटी एक घरची गोष्ट सांगणार आहे. ती सांगावी की नाही ह्याचा मी आठ दिवस विचार केला. काल रात्री ह्यांना विचारले, तर हे म्हणाले, "सांग. ठाऊक तर सगळ्यांना आहेच, पण तुझ्या तोंडून कोणी ऐकलेली नाही."

आमचे हे पवनचक्कीच्या कामावर. साक्रीकडच्या माळावर चक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा ह्यांना तिथे काम लागले, आणि 2012 च्या जून महिन्यात एकदम जैसलमेरला बदली आली. वाळवंटात वारा पुष्कळ, म्हणून तिकडेही चक्क्यांची रांग लागलेली आहे. थोरला मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, धाकटी चार वर्षांची. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी मात्र मनातून निर्धास्त होते. आपण धुळ्याची माणसे. वैशाखात पारा 44 वर चढलेला आपण दर वर्षी पाहतो. जैसलमेरचे ऊन ते काय असून असणार, दोन अंश जास्त, इतकेच, असे मला वाटत होते. हा माझा ताठा होता, आणि तो उतरायला एक दुपार पुरली.

सुरत, अहमदाबाद, जोधपूर असे करीत आम्ही पहाटे जैसलमेरला उतरलो. गावात एका जुन्या गल्लीत घर घेतलेले होते. पिवळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, वर दगडाच्याच लांब फरश्या टाकलेले छत, आणि खिडक्या म्हणाल तर अगदी लहान. मला ते घर कोंदट वाटले. दहा वाजता उकडायला लागल्याबरोबर मी आपल्या सवयीने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या, वारा आत यावा म्हणून. आला वारा! भट्टीचे तोंड उघडावे तसा आला. अर्ध्या तासात मुलांचे ओठ पांढरे पडले, माठावर झाकलेले ओले फडके कडक वाळून गेले, आणि धाकटीच्या नाकातून रक्त यायला लागले. आपल्याकडे घोळणा फुटला म्हणतात तेच. मी घाबरून तिला घेऊन गल्लीत पळाले.

खालच्या मजल्यावर घरमालकांची म्हातारी आई असे. तिला सगळी गल्ली माँसा म्हणायची, पुढे मीही म्हणू लागले. माँसाने पोरीला मांडीवर घेतले, पुढे वाकवून नाक चिमटीत धरले, आणि माझ्याकडे न बघता सुनेला वर पाठवून माझ्या सगळ्या खिडक्या बंद करवल्या. तिची मारवाडी मला तेव्हा समजत नव्हती, पण त्या दिवशी ती जे म्हणाली ते पुढे तिने मला इतक्यांदा ऐकवले की पाठ झाले. बाहेरचा वारा अंगापेक्षा गार असेल तोवर पाहुणा, अंगापेक्षा ऊन झाला की चोर. चोराला दार उघडतात का?

ह्यातली खुबी मला हळूहळू कळली. आपले अंग साधारण 37 अंशांचे. हवा 32 अंश असली तर वाऱ्याने बरे वाटते. हवा 45 अंश झाली की तोच वारा अंगाला उष्णता देतो आणि अंगातले पाणी ओढून नेतो. म्हणून तिकडे सकाळी आठाच्या सुमारास दारे-खिडक्या लावून, जाड पडदे सोडून घर अंधारे करतात, ते सूर्य कलल्यावर उघडतात. रात्री वाळू झपाट्याने निवते, हवा गार होते, तेव्हा सगळे घर उघडे टाकायचे आणि गच्चीवर खाटा घालायच्या. रात्रीचा गारवा त्या जाड भिंती दिवसभर पोटात धरून ठेवतात. गल्ल्याही मुद्दाम अरुंद ठेवलेल्या, म्हणजे समोरच्या घराची सावली आपल्या घरावर पडते. जैसलमेर हे 1156 साली वसलेले गाव. इतक्या पिढ्यांनी ऊन सोसून सोसून ते असे बांधलेले आहे, आणि मी बाई पहिल्याच दिवशी त्याला कोंदट म्हणून मोकळी झाले.

खरे सांगायचे तर ही विद्या आपल्याकडे नव्हती असे नाही. माझ्या आजोळी धाब्याचे घर होते. मातीच्या रुंद भिंती, लाकडाच्या कड्यांवर मातीचे धाबे. चैत्र-वैशाखात आजी दुपारी दार लोटून घ्यायची आणि आम्हां पोरांना ओट्यावरसुद्धा जाऊ द्यायची नाही. त्या घरात पंखा नव्हता, आणि पंखा नाही म्हणून कोणी कुरकुरल्याचे मला आठवत नाही. पुढे मामांनी धाबे काढून पत्रे टाकले. पावसाळ्यात गळत नाही, दर वर्षी माती टाकावी लागत नाही, हे खरेच. पण उन्हाळ्यात त्या घरात दुपारी बसवत नाही. मी मामांना बोल लावीत नाही. धाब्याची निगा राखायला माणसे लागतात, ती आता घरोघर कुठे आहेत?

कोरड्या हवेच्या गमतीही पुष्कळ आहेत. धुतलेले लुगडे दोरीवर टाकून दुसरे पिळेपर्यंत पहिले वाळलेले असते. मिठाला पाणी सुटत नाही, पापड सादळत नाहीत, पावसाळ्यात गाद्यांना कुबट वास येत नाही. उलट भाकरी थापायला घ्यावी तर काठ फुटतात, पीठ मळताना दीडपट पाणी लागते, आणि चिरलेली कोथिंबीर ताटात पडेपर्यंत मलूल होते. नायलॉनचे पातळ नेसले की त्यातून चटचट आवाज यायचा. थंडीच्या दिवसांत टाचा अशा फुटायच्या की रात्री तूप चोळून मोजे घातल्याशिवाय निजता येत नसे. आणि थंडी तिकडे चांगली कडाक्याची पडते बरे का! वाळवंट म्हणजे बारा महिने ऊन अशी माझी समजूत होती. पौषात पहाटे बादलीतल्या पाण्याला हात लावायची छाती होत नसे.

काळी-पिवळी आंधी आली म्हणजे मात्र जीव मेटाकुटीला येई. लांबून भिंत चालत यावी तशी धूळ येते, दिवसा दिवे लावावे लागतात, आणि नंतर दोन दिवस डाळीत, अंथरुणात, दातांखाली वाळू. ह्यांना त्या वेळी चक्कीवरून उतरायला मिळाले आहे की नाही ही काळजी वेगळीच.

आता पाण्याचे. जैसलमेरला वर्षाचा पाऊस वीस सेंटिमीटरच्या आतबाहेर. पूर्वी सगळे गाव गडीसर तलावावर पाणी भरायचे. आता पंजाबातल्या हरिकेपासून, जिथे सतलज आणि बियास ह्या नद्या मिळतात तिथून, सुमारे साडेसहाशे किलोमीटर लांबीचा कालवा ह्या मुलखात आणलेला आहे. त्याचे काम 1958 साली सुरू झाले. पूर्वी त्याला राजस्थान कालवा म्हणत, पुढे इंदिरा गांधींचे नाव दिले. आमच्या नळाला येई ते ह्याच कालव्याचे पाणी. त्यामुळे मी तिकडे पाण्यासाठी कधी मैलभर चालले नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. पण गावाबाहेर लांब ढाण्यांवर राहणाऱ्या बायका डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन भर उन्हात जाताना मी पाहिलेल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर शाळेच्या वयाच्या मुली. तोंडावर घुंघट असल्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर काय आहे ते दिसत नाही. वाळवंटाची चित्रे कॅलेंडरवर फार सुंदर दिसतात. चित्रातल्या त्या बाईच्या मानेला काय होत असेल, हे मनात आल्याशिवाय मला आता ते चित्र बघवत नाही.

माँसाचे माहेर असेच एका ढाणीवरचे. तिथे अंगणात टांका होता. म्हणजे जमिनीत खोल बांधलेली विहिरीसारखी टाकी. भोवतालची जमीन चोपून, उतार देऊन ठेवायची, की पडेल तो थेंब टाक्यात गेला पाहिजे. पावसाळ्यापूर्वी ती जमीन झाडून काढायची आणि मग तिच्यावर पायताण घालून कोणी जायचे नाही. टाक्याला झाकण आणि झाकणाला कुलूप. दागिन्यांच्या पेटीला नसेल पण पाण्याला कुलूप! लहानपणी त्या भावंडांना खाटेवर बसवून आंघोळ घालीत, खाली परात ठेवीत, परातीत साठलेल्या पाण्यात कपडे धूत आणि उरलेले गुरांना. भांडी वाळूनेच घासायची. तूप सांडले तर काही नाही, पाणी सांडले तर जीव जळतो, अशा अर्थाची एक म्हण त्या लोकांत आहे. पाहुण्याला पेला भरून पाणी देऊन त्याने अर्धे टाकले तर ते पुढच्या खेपेस अर्धाच पेला देतात. तो कंजूषपणा नव्हे. मी आल्यावर इथेही तसे करू लागले, तर एक-दोघींनी नाके मुरडली होती, त्यांची नावे सांगत नाही.

त्यांचे खाणेही उन्हाला धरून. बाजरीचे पीठ ताकात कालवून, शिजवून केलेली राबडी, ती निववून सकाळी कांद्याबरोबर प्यायची. ताजी भाजी कमी, म्हणून कैर आणि सांगरी वाळवून ठेवायची. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. ही खेजडी कोण म्हणाल तर आपली शमी, आपण जिला सौंदड म्हणतो आणि दसऱ्याला पूजतो तीच. भर उन्हाळ्यात सगळे रान जळून गेलेले असते तेव्हा हिला नवी पालवी फुटते आणि शेंगा लागतात. 1730 साली जोधपूरजवळ खेजडली गावी राजाची माणसे ही झाडे तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी नावाच्या बिश्नोई बाईने झाडाला मिठी मारली आणि प्राण दिला. तिच्यासकट 363 माणसे त्या झाडांपायी मेली असे तिकडे सांगतात, आणि दर वर्षी तिथे जत्रा भरते. माझ्या मुलाच्या पुस्तकात हा धडा होता. तो वाचून दाखवीत होता आणि मी भाजीला त्याच झाडाच्या शेंगा निवडीत होते. एक मात्र मला फार आपलेपणाचे वाटले. त्यांची दाल-बाटी आणि आपली वरण-बट्टी ह्या सख्ख्या बहिणी आहेत. मी माँसाला बट्टी करून घातली. ती म्हणाली, ठीक आहे, पण तूप कमी.

मे 2016 मध्ये जैसलमेरहून दीडशे-एक किलोमीटरवर असलेल्या फलोदीला पारा 51 अंशांवर गेला. 19 तारीख होती. आपल्या देशात तोपर्यंत इतके तापमान कोणी नोंदलेले नव्हते. त्या आठवड्यात इथून सगळ्यांचे फोन आले, कशा आहात, जिवंत आहात ना. आम्ही बरे होतो. हे पहाटे चारला जात, ऊन चढायच्या आत वरचे काम आटोपून खाली येत. ऐंशी मीटर उंच खांबावर, लोखंडाच्या खोलीत दुपारी काम करायचे नाही हा त्यांचा नेमच होता. माझा स्वयंपाक सकाळी सातला उरकलेला असे. अकरा ते पाच गल्लीत चिटपाखरू नसे. दुकानांवर पडदे. ह्या वेळात कोणी कोणाकडे जात नाही, कोणी कोणाला काम सांगत नाही, आणि सून दुपारी आडवी झाली म्हणून सासू बोलत नाही. उलट माँसा सुनेला हाक मारून निजायला लावी. तिकडे घुंघटापासून किती तरी गोष्टी मला पटल्या नाहीत; पण उन्हाळ्याच्या दुपारी पडून राहिलेल्या बाईला आळशी म्हणत नाहीत, एवढी एक गोष्ट पाहून मला त्यांचा हेवा वाटायचा.

माँसाने मला आणखी एक गोष्ट शिकवली होती. कोरड्या हवेत घाम दिसत नाही. येतो, पण येतायेताच उडून जातो, म्हणून माणसाला वाटते आपल्याला काही झालेले नाही. तहान लागेपर्यंत थांबायचे नाही, घोट घोट पीत राहायचे. लघवी पिवळी झाली की समजायचे पाणी कमी पडले. (असे बोलल्याबद्दल वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी, पण हे बोललेच पाहिजे.) आमच्या ह्यांना ह्याच चुकीने मुतखडा झाला होता, वर चढल्यावर खाली यायला नको म्हणून पाणीच प्यायचे नाहीत. आणि माँसा म्हणायची, उन्हात काम करणारे माणूस उगाच चिडायला लागले, भलत्याला भलत्या नावाने हाक मारायला लागले, अंग तापले, की काही विचारत बसायचे नाही. सावलीत न्यायचे, कपडे सैल करायचे आणि अंगावर पाणी ओतायचे. तोंडात नंतर, अंगावर आधी. टाक्याला कुलूप लावणारी बाई ही. पण त्या वेळी पाण्याचा विचार करायचा नाही म्हणायची.

मार्च 2021 मध्ये आम्ही परत आलो. ह्यांची बदली पुन्हा इकडे झाली.

आता ती घरची गोष्ट. माझ्या थोरल्या जाऊबाई ह्याच मंडळाच्या सभासद होत्या. तुमच्यापैकी बहुतेकींनी त्यांच्या हातच्या बिबड्या खाल्लेल्या आहेत. मी त्यांना मोठ्या ताई म्हणत असे. मे 2022 मध्ये त्यांच्या मुलाचे लग्न होते. आखाजी होऊन गेली होती. लग्नघर म्हणजे काय असते ते तुम्हांला सांगायला नको. आठ दिवस आधीपासून ताई पहाटे ज्वारीचे पीठ शिजवून बिबड्या घालीत, आणि दिवसभर गच्चीवर खेपा घालीत, ह्या उलटा, त्या काढा. देवब्राह्मणाच्या आदल्या दिवशी घरात तीसेक पाहुणे. मागच्या अंगाला पत्र्याखाली मोठी चूल केलेली. पुरण, आमरस, कुरडया. सकाळी सातपासून ताई त्या चुलीपुढे होत्या.

मी काकड्या चिरीत शेजारीच बसले होते. बाराच्या सुमाराला ताईंनी माझ्या मुलीला हाक मारली, ती माझ्या नणंदेच्या नावाने. पोर हसली. ताई तिच्यावर खेकसल्या. त्यांनी आयुष्यात कधी लेकरांवर आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. मी वर बघितले. तोंड लालबुंद झालेले आणि कपाळावर घामाचा टिपूस नाही. चुलीपुढे बसलेली बाई, मे महिना, वर पत्रा, आणि घाम नाही.

भगिनींनो, मला कळले होते. नऊ वर्षे मी ते शिकले होते. मी म्हटले, "ताई, जरा आत चला, पडा घटकाभर." त्या म्हणाल्या, "तीस पानं वाढायची आहेत, पडते कशी? तू वाळवंटातून आलीस, तुला काय गं, आम्हांला सवय आहे." पाहुण्या बायका हसल्या. विहीणबाईंकडची मंडळी पुढच्या खोलीत होती. मी धाकटी जाऊ. त्यांच्या अंगावर भरल्या घरात बादलीभर पाणी ओतायचे कसे, लोक काय म्हणतील, असे माझ्या मनात आले, आणि मी पुन्हा काकडी चिरायला लागले.

अर्ध्या तासाने त्या तिथेच कलंडल्या. चुलीत गेल्या नाहीत एवढेच. कोणी कांदा फोडून हुंगवला, कोणी चमच्याने तोंडात पाणी घालायला लागले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासात जाते, हेही मला ठाऊक होते, आणि तेवढे मात्र मी ओरडून थांबवले. मग बादल्या आणल्या. गाडी मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास गेला. ताप 106 च्या वर होता. डॉक्टरांनी शर्थ केली, बर्फ लावला, सलाईन लावले. दुसऱ्या दिवशी पहाटे ताई गेल्या.

नंतर मुलगी मला म्हणाली की मोठ्या आईने सकाळपासून पाणी प्यायलेच नव्हते. तिने विचारले तर ताई म्हणाल्या होत्या, "घरात एवढी माणसं, संडासापुढे रांग, बाप्ये बसलेत समोर, मी सारखी कुठे जाऊ?" बायका लग्नाघरी पाणी का पीत नाहीत हे इथे बसलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. आपण ते कधी कुणाला सांगत नाही.

51 अंशांच्या मुलखातून मी माझी दोन लेकरे धडधाकट परत आणली, आणि त्याच्यापेक्षा किती तरी कमी उन्हात माझी जाऊ माझ्या शेजारी गेली. ह्याचा मी फार विचार करते. ऊन तिकडे जास्त आहे ह्यात शंका नाही. पण तिकडे उन्हाला सगळे घर मिळून भिते, म्हणून घराची घडी त्याप्रमाणे बसवलेली असते. आपल्याकडे पुरुषमाणूस दुपारी शेतातून परत येतो, गुरे झाडाखाली बांधतात; बाई मात्र बरोबर बारा वाजता चुलीपुढे. तिचे ऊन कोणी ऊन म्हणून धरीतच नाही, कारण ती घरात आहे. पत्र्याखालच्या गॅसपुढे किती तापते ते मोजायला वेधशाळेचे लोक येत नाहीत.

आणि मुंबई-कोकणाकडच्या सुनांनीही हे ऐकावे. तिकडे पारा 38 वरच थांबतो, पण हवा दमट असल्यामुळे घाम उडत नाही आणि अंग निवत नाही. एप्रिल 2023 मध्ये नवी मुंबईत खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उन्हाने चौदा माणसे दगावली. ते काही वाळवंट नव्हते. कूलरसुद्धा कोरड्या हवेतच काम करतो. आपल्याकडे मेमध्ये चालतो, पावसाळ्यात नुसती चिकचिक करतो, हे तुम्ही पाहिलेच असेल.

काही बायका मला म्हणतात, तुमच्या जाऊबाईंचा काळ आला होता, तुम्ही काय करणार होतात. त्या चांगल्या मनाने म्हणतात. पण मला ते पटत नाही. बारा वाजता मी बादली ओतली असती तर ताई मला चार शब्द बोलल्या असत्या, विहीणबाई हसल्या असत्या, लुगडे भिजले असते. त्यापुढे काय झाले असते ते मला कोण सांगणार? पण ती बादली मोरीत भरलेली होती, चुलीपासून दहा पावलांवर.

एवढे बोलून मला मंडळापुढे दोन मागण्या ठेवायच्या आहेत. अध्यक्षाबाईंनी रागावू नये. आपले चैत्रगौरीचे हळदीकुंकू दर वर्षी दुपारी तीनला असते, कारण संध्याकाळी सगळ्यांना स्वयंपाक असतो. ते येत्या वर्षापासून साडेसहानंतर ठेवावे. त्या दिवशी घरी रात्रीची खिचडी कोणी तरी टाकील, नाही टाकली तर सकाळच्या भाकरी खातील. दुसरे, ह्या हॉलच्या मागचा संडास गेली दोन वर्षे कुलूप लावून ठेवलेला आहे, किल्ली शिपायाकडे असते, आणि शिपाई पाचला घरी जातो. त्या किल्लीची एक प्रत मंडळाकडे असावी. आंब्याची डाळ आणि पन्हे मी करून आणीन. आखाजीला आम्ही ताईंच्या नावाची घागर भरतो, त्याच कुंभाराकडून एक मोठा माठ घेऊन दाराशी ठेवण्याचे ह्यांनी कबूल केलेले आहे. पेला मात्र अर्धाच भरून देईन. लागले तर पुन्हा मागून घ्या.